विश्लेषण : थरावर थर, तरी रंग सोलून का निघतो? जहाजे, पूल आणि इपॉक्सीच्या ‘रिकोट विंडो’चे गणित

गोदीत दुरुस्तीला आलेल्या एखाद्या जहाजाचा रंग कधी कधी हातभर लांबीच्या पापुद्र्यांनी सुटून येतो. पापुद्रा ओढला की खाली गंज दिसेल असे वाटते, पण तसे होत नाही. खाली असतो आधीचा थर, गुळगुळीत, कडक आणि पूर्ण शाबूत. म्हणजे पोलादाने दगा दिलेला नसतो आणि डब्यातला रंगही बहुतेक वेळा चांगलाच असतो. गडबड झालेली असते ती दोन थरांच्या मध्ये. पहिला थर दिल्यानंतर दुसरा द्यायला उशीर झालेला असतो.

जहाजे, बंदरातील क्रेन, खाडीवरील पूल, तेलाच्या टाक्या, रसायन कारखान्यांतील पाइप या सगळ्यांना गंजापासून वाचवणाऱ्या इपॉक्सी रंगाची ही सर्वात त्रासदायक खोड आहे. कडक झालेल्या थरावर नवा थर कितपत घट्ट बसतो, याला रंग उद्योगात ‘रिकोटेबिलिटी’ म्हणतात. ती वाढवण्यासाठी रसायनतज्ज्ञ काय करतात आणि त्यांचे उपाय कुठे तोकडे पडतात?

इपॉक्सी म्हणजे नेमके काय?

नाव अवघड वाटले तरी ही वस्तू घरोघरी असते. गळक्या पाइपला लावायचे एम-सील किंवा दोन ट्यूबमधून येणारे अराल्डाइट याच कुळातले. दोन्ही भाग वेगळे असेपर्यंत काही होत नाही. एकत्र मळले की काही वेळात त्याचा दगड होतो आणि तो दगड पुन्हा तापवून वितळवता येत नाही.

जहाजाचा रंगही असाच दोन डब्यांत येतो. एकात इपॉक्सी रेझिन आणि रंगद्रव्ये, दुसऱ्यात हार्डनर. हा हार्डनर बहुधा अमाइन या रसायनगटातला असतो. दोन्ही मिसळल्यावर अमाइनचे रेणू इपॉक्सीच्या रेणूंना सर्व बाजूंनी जोडत जातात आणि एक घट्ट जाळे तयार होते. दरवाजाला लावायचा ऑइलपेंट हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडक होतो. इपॉक्सी मात्र स्वतःच्या आत चाललेल्या अभिक्रियेमुळे कडक होते. त्यामुळे ‘वाळले’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. हाताला चिकटत नाही एवढ्यावरून अभिक्रिया संपली असे होत नाही. ती पुढे कित्येक दिवस सुरू राहते.

हे जाळे जितके दाट, तितके पाणी, ऑक्सिजन आणि क्षार यांना पोलादापर्यंत पोहोचणे कठीण. इपॉक्सीची सगळी ख्याती या दाटपणावर उभी आहे, आणि अडचणही तिथूनच सुरू होते. जे जाळे पाण्याला आत घेत नाही, ते वरून येणाऱ्या नव्या रंगालाही आत घेत नाही.

दुसरा थर पहिल्याला धरतो तरी कसा?

पहिला थर ताजा असताना त्यात अजून न जोडलेले रासायनिक गट शिल्लक असतात. नव्या थरातले रेणू त्यांच्याशी थेट बंध जुळवतात. शिवाय नव्या रंगातला थिनर खालच्या अर्धवट पिकलेल्या थरात थोडा मुरतो आणि त्याला किंचित फुगवतो. त्या फटींतून नवे रेणू आत शिरतात आणि दोन थरांमधली सीमारेषा पुसट होते. या काळात दिलेला थर जणू पहिल्याच थराचा भाग बनतो.

काही दिवस गेले की शिल्लक गट जवळजवळ संपतात आणि जाळे आवळते, त्यामुळे थिनर आत शिरत नाही. मग उरते ती फक्त यांत्रिक पकड, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाला नवा रंग धरून राहील एवढीच आशा. स्प्रे केलेले इपॉक्सी तर बऱ्याचदा काचेसारखे गुळगुळीत असते. जुन्या काँक्रीटवर गिलावा करण्याआधी गवंडी छिन्नीने टाचे का मारतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना इथली अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणूनच प्रत्येक इपॉक्सी रंगाच्या माहितीपत्रकात दोन वेळा दिलेल्या असतात. किमान वेळेच्या आधी दुसरा थर दिला तर खालचा थिनर अडकून पडतो, पृष्ठभाग सुरकुततो आणि थर आतून मऊ राहतो. कमाल वेळेनंतर दिला तर पकड मिळत नाही. या दोन वेळांमधला काळ म्हणजे ‘रिकोट विंडो’. कामाच्या जागी किमान वेळ सगळ्यांना पाठ असते, कारण काम पुढे सरकवायची घाई असते. कमाल वेळेकडे मात्र सहसा कोणी बघत नाही.

उन्हात ही खिडकी लवकर का मिटते?

रासायनिक अभिक्रियांचा एक ढोबळ नियम आहे : तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. समजा, एखाद्या रंगाची कमाल मुदत २५ अंशांना ७ दिवस असेल, तर या नियमाने ३५ अंशांना ती साडेतीन दिवसांवर येते आणि ४५ अंशांना दोन दिवसांच्याही आत. (हे उदाहरण आहे. प्रत्यक्ष आकडे प्रत्येक रंगाचे वेगळे असतात.)

आणि इथे तापमान धरायचे ते पोलादाचे, हवेचे नव्हे. मोबाइलवर ३३ अंश दिसत असताना एप्रिलच्या दुपारी उघड्यावर पडलेली पोलादी प्लेट हात लावू देत नाही. ज्याने हवामानाच्या ॲपवर मुदत मोजली, त्याची खिडकी त्याच्या नकळत बंद झालेली असते.

कोकणातली हवा काय करते?

किनाऱ्यावर दुसरीच पंचाईत आहे. रंगकामाचा सर्वमान्य नियम सांगतो की, हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसेल, तर रंग द्यायचा नाही. आता हिशेब करा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो सुमारे २७.२ अंश. त्यात ३ मिळवले की पोलाद किमान ३०.२ अंश हवे. म्हणजे पोलाद हवेइतकेच गरम असले तरी परीक्षेत नापास. मुंबई, रत्नागिरी किंवा वास्कोच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात अशी हवा दिवसेंदिवस असते. पहिला थर देऊन झाला, मग हवा बिघडली आणि आठवडाभर काम थांबले, तर त्या आठवड्यात खालच्या थराचे घड्याळ काही थांबत नाही.

दमट हवेत आणखी एक छुपा शत्रू तयार होतो. कडक होत असलेल्या थराच्या पृष्ठभागावरचे अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांच्याशी संयोग पावते आणि वर एक तेलकट, मेणचट साय येते. तिला ‘अमाइन ब्लश’ म्हणतात. थंड आणि दमट रात्री तिचा धोका जास्त. कधी ती ढगाळ डागांसारखी दिसते, कधी डोळ्यांना दिसतही नाही. ओल्या बोटाने चोळल्यावर साबणासारखे बुळबुळीत लागते. या सायीवर दिलेला थर मुदतीच्या आत असला तरी सुटतो. गंमत म्हणजे थिनरच्या चिंधीने पुसून ती नीट जात नाही, उलट पसरते. ती पाण्यात विरघळणारी असल्याने गोड्या, शक्यतो कोमट पाण्याने घासून धुणे हाच उपाय. गोदीत मात्र हात आधी जातो तो थिनरच्या डब्याकडे.

प्रश्न फक्त रंगाचा आहे का?

मोठे जहाज एकसंध बांधले जात नाही. त्याचे अनेक मजले उंचीचे ठोकळे वेगवेगळे तयार होतात, रंगवले जातात, यार्डात पडून राहतात आणि मग क्रेनने उचलून एकमेकांना वेल्ड केले जातात. मुंबईतील माझगाव डॉक असो वा गोवा शिपयार्ड, ठोकळ्यांची ही पद्धत आता जगभर तीच आहे. एका ठोकळ्याला रंग दिल्यापासून त्याच्या सांध्याची वेल्डिंग होऊन तिथला जळालेला रंग दुरुस्त होईपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. दुरुस्तीचा नवा रंग सांध्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या, पूर्ण पिकलेल्या इपॉक्सीवर थोडा चढतो. रिकोटेबिलिटीची खरी कसोटी या पट्ट्यावर लागते.

सर्वात अवघड जागा म्हणजे बॅलास्ट टाक्या. माल नसताना जहाज स्थिर राहावे म्हणून त्यांत समुद्राचे पाणी भरतात, माल भरला की ते सोडून देतात. कधी खारे पाणी, कधी खारी वाफ, आणि आत कोपरे, शिड्या, कडा यांचे जंगल. गंजाला याहून सुपीक जागा नाही.

याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, हे १२ डिसेंबर १९९९ रोजी दिसले. ‘एरिका’ हे १९७५ मध्ये बांधलेले तेलवाहू जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ वादळात दुभंगून बुडाले. त्यात सुमारे ३१ हजार टन जड इंधन तेल होते आणि त्यातले बरेचसे समुद्रात सांडले. फ्रेंच चौकशीत बॅलास्ट टाकीच्या भागातील गंजलेली रचना आणि देखभालीतील हलगर्जी यांवर बोट ठेवले गेले. ‘एरिका’ थर सुटल्यामुळे बुडाले, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण बॅलास्ट टाकीतला रंग हा शोभेचा विषय नाही, हे त्या काळातल्या अशा अपघातांनी जहाज उद्योगाला शिकवले.

पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००६ मध्ये बॅलास्ट टाक्यांच्या रंगासाठी बंधनकारक मानक स्वीकारले. १ जुलै २००८ पासून बांधणी करार झालेल्या, ५०० टनेजवरील जहाजांना ते लागू आहे. रंगाने १५ वर्षे टिकावे हे लक्ष्य. इपॉक्सीवर आधारित पद्धतीसाठी कोरड्या थरांची एकूण जाडी ३२० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सचे साधारण तीन कागद एकावर एक ठेवावेत इतकी. पोलादावर विरघळणारे क्षार दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमच्या आत. कडा आणि वेल्डिंगच्या रेषांवर ब्रशने दोन वेळा पट्टे मारायचे आणि दोन वेळा स्प्रे करायचा. म्हणजे एकाच जागेवर रंग किमान चार टप्प्यांत चढतो, आणि प्रत्येक टप्प्याच्या मध्ये तीच खिडकी उभी असते.

खिडकी मोठी करण्याचे उपाय कोणते?

सर्वात मोठा फरक पडतो तो हार्डनरच्या निवडीने. अमाइन ॲडक्ट प्रकारचे हार्डनर रसायनांना उत्तम टक्कर देतात, पण त्यांचे जाळे लवकर आवळते. पॉलिअमाइड हार्डनर वनस्पती तेलांपासून मिळणाऱ्या मेदाम्लांतून बनतात. त्यांचे रेणू लांब आणि लवचीक असल्याने जाळे सावकाश बांधले जाते, थर थोडा मऊ राहतो आणि दुसऱ्या थराला जास्त दिवस मिळतात. अनेक जुन्या-जाणत्या सागरी प्रायमरमध्ये पॉलिअमाइड असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

तिसरा प्रकार आपल्या अंगणातला. काजूच्या टरफलात जे जळजळीत तेल असते, बिया भाजताना अंगावर उडाले तर कातडी भाजते तेच, त्यातून कार्डानॉल नावाचे रसायन काढतात. त्यापासून बनतो फेनल्कामाइन हा हार्डनर. कार्डानॉलच्या रेणूला लांब, तेलकट शेपूट असते. त्यामुळे फेनल्कामाइन पाण्याला दूर ठेवते, दमट आणि थंड हवेतही कडक होते आणि अमाइन ब्लशचा त्रास कमी देते. जहाजबांधणीतल्या इपॉक्सीत ते जगभर वापरले जाते. पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावायची जुनी रीत होती. कारखान्यातून फिरून तेच तेल आता पोलादी जहाजांवर चढते आहे.

दुसरी वाट रंगद्रव्याची. अभ्रकासारख्या पातळ पापुद्र्यांचे एक नैसर्गिक लोह ऑक्साइड असते, त्याला मायकेशियस आयर्न ऑक्साइड म्हणतात. हे पापुद्रे थरात कौलांसारखे एकावर एक बसतात. पाण्याला वळणे घेत जावे लागते, हा पहिला फायदा. पृष्ठभाग बारीक खरबरीत राहतो, हा दुसरा. खिडकी रासायनिकदृष्ट्या मिटली तरी यांत्रिक पकडीला जागा उरते. पुलांच्या मधल्या थरात हे द्रव्य इतके वापरले जाते, ते यासाठी. गर्डर कारखान्यात रंगवून ट्रकने आणायचा आणि शेवटचा थर जागेवर द्यायचा, तर मध्ये महिनेही जातात. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वात साधा आणि सर्वात भरवशाचा आहे, कारण तो कोणाच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही.

तिसरी वाट थोडी चलाखीची. रेझिनमध्ये हायड्रोकार्बन किंवा ॲक्रिलिक प्रकारची अशी रेझिने मिसळतात, जी जाळ्यात बसतात पण जाळ्याला जोडली जात नाहीत. नव्या रंगातला थिनर त्यांना मऊ करू शकतो. जाळे बंद झाले तरी मधली ही दारे किलकिली राहतात. अर्थात जे दार नव्या रंगाच्या थिनरला उघडते, ते टाकीत भरलेल्या सॉल्व्हंटलाही उघडणारच. म्हणून रसायने वाहणाऱ्या टाक्यांच्या आतल्या बाजूला हा मार्ग चालत नाही. तिथे दाट जाळेच हवे आणि मुदतही काटेकोर पाळावी लागते. रिकोटेबिलिटी वाढवण्याचे बहुतेक उपाय दाटपणातून थोडे उसने घेतात, ही गोष्ट विक्रेत्याच्या बोलण्यात सहसा येत नाही.

त्यात आणखी एक ओढाताण आहे. हवेत उडणाऱ्या सॉल्व्हंटमुळे प्रदूषण होते आणि टाकीत काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात ते जाते. त्यामुळे कमी थिनरच्या, ‘हाय सॉलिड्स’ रंगांकडे उद्योग वळला आहे. वळायलाच हवे होते. पण थिनर कमी म्हणजे खालच्या थरात मुरून वाट करून देणारा घटकही कमी. मग पकडीचा भार पुन्हा हार्डनर आणि खडबडीतपणावर येतो.

पत्रकात ‘मुदत नाही’ असे लिहिले असेल तर?

अनेक आधुनिक इपॉक्सींच्या तक्त्यात कमाल वेळेच्या रकान्यात दिवसांऐवजी ‘एक्स्टेंडेड’ असा शब्द असतो. तो वाचून साइटवर सुटकेचा निःश्वास सोडला जातो. खाली बारीक अक्षरांतली तळटीप मात्र वाचायची राहते : पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि खडूसारख्या भुकटीपासून मुक्त असेल तर.

भुकटीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बहुतेक इपॉक्सींच्या रेणूतील बिस्फेनॉल-ए हा भाग सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून तुटतो. उघड्यावर काही आठवडे-महिने राहिलेल्या इपॉक्सीवरून हात फिरवला तर बोटांना पांढरट पावडर लागते. तिच्यावर दिलेला थर पावडरीलाच चिकटतो. किनाऱ्यावर तिच्यात वाऱ्याने आलेले मीठ मिसळते आणि थराखाली अडकलेले मीठ पाणी ओढून फोड आणते. रसायनाने खिडकी वर्षभर उघडी ठेवली तरी उंबऱ्यावरची धूळ ते झाडत नाही.

याच कारणाने उन्हातल्या रचनांवर इपॉक्सी शेवटचा थर म्हणून ठेवत नाहीत. वर पॉलियुरेथेन किंवा पॉलिसिलोक्झेन देतात. इपॉक्सी आणि अमाइनच्या अभिक्रियेतून जे हायड्रॉक्सिल गट तयार होतात, त्यांच्याशी पॉलियुरेथेनचा हार्डनर बंध जुळवू शकतो, ही जमेची बाजू. ६ एप्रिल २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या तमिळनाडूतील नव्या पांबन रेल्वे पुलालाही गंजरोधक म्हणून पॉलिसिलोक्झेन रंग दिला आहे.

पाण्याखालच्या भागाचे काय?

जहाजाच्या बुडाला शंख-शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून अँटिफाउलिंग रंग देतात. तो इपॉक्सीशी जुळणारा नसतो. त्यामुळे मध्ये ‘टाय कोट’ नावाचा जोडथर देतात. हा जोडथर, किंवा काही पद्धतींत थेट अँटिफाउलिंग, खालचे इपॉक्सी पूर्ण पिकण्याआधीच द्यावे लागते. त्याची जुनी चाचणी अजून चालते : हातमोजा घातलेला अंगठा दाबायचा. ठसा उमटला पण रंग अंगठ्याला आला नाही, तर वेळ बरोबर. ठसाच उमटला नाही तर उशीर झाला. पकड चुकली तर पहिल्या काही महिन्यांतच बुडाचा रंग पट्ट्यांनी जातो, शंख चढतात आणि घर्षण वाढून डिझेलचा खर्च वाढतो. लहान मच्छीमार ट्रॉलरच्या मालकाला हा फटका थेट खिशाला बसतो. त्याच्याकडे ना निरीक्षक असतो, ना पुन्हा किनाऱ्यावर ओढायला मोकळा हंगाम.

मुदत टळलीच तर?

आधी गोड्या पाण्याने धुणे, मग खरबरीत करणे. क्रम उलटा झाला तर घासताना मीठ आणि तेल थरातच दाबले जाते. लहान जागेला पॉलिश पेपर पुरतो. मोठ्या जागेला हलके, झाडल्यासारखे ब्लास्टिंग करतात, त्याला ‘स्वीप ब्लास्टिंग’ म्हणतात. चमक जाऊन पृष्ठभाग एकसारखा निस्तेज दिसला पाहिजे. मग धूळ काढून नवा थर. हे सगळे परांची बांधून, टाकीच्या कोपऱ्यात आडवे होऊन करायचे, तेव्हा रंगाच्या डब्याच्या किमतीपेक्षा मजुरी आणि गोदीचे भाडेच जास्त होते. बरेच कंत्राटदार म्हणूनच फक्त थिनरने पुसून पुढे जातात. पूर्ण पिकलेल्या इपॉक्सीवर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

पकड तपासायची कशी?

साध्या चाचणीत चाकूने दोन्ही थरांतून पोलादापर्यंत फुलीच्या आकाराचे काप घेतात, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढतात. अधिक नेमक्या चाचणीत धातूची लहान चकती रंगावर चिकटवून यंत्राने सरळ ओढली जाते आणि किती ताकदीला ती सुटली हे मेगापास्कलमध्ये मोजतात. पण आकड्याइतकेच चकतीच्या तळाकडे बघणे गरजेचे असते. रंग स्वतःमध्ये तुटला असेल तर थरांची पकड रंगाच्या ताकदीपेक्षा जास्त होती. दोन थरांच्या मधून स्वच्छ सुटला असेल तर आकडा बरा दिसला तरी तिथे कच्चा सांधा आहे. मोठे काम हाती घेण्याआधी एक-दोन चौरस फुटांवर असा नमुना करून पाहणे एका दिवसाचे काम आहे.

बॅलास्ट टाक्यांच्या बाबतीत या नोंदी ऐच्छिक नाहीत. पोलादाचे तापमान, आर्द्रता, दवबिंदू, जाडी हे सगळे पात्र निरीक्षकाने नोंदवायचे असते. त्या नोंदींची ‘कोटिंग टेक्निकल फाइल’ बनते. जहाज कितीही वेळा विकले गेले तरी ती फाइल त्याच्यावरच ठेवावी लागते आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीची भर तिच्यात पडत जाते.